गाठ गेली, ग्रंथी राहिली

चुलीवर भाकरी असेल तर ती भाजत भाजत ऐका, गोठ्यात असाल तर मोबाइल खुंटीला अडकवून ऐका. आज पुरुषांच्या आजाराबद्दल बोलायचं आहे. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या, "त्यांच्या दुखण्यावर आपण बायकांनी रेडिओवर काय बोलायचं? गाव हसंल." हसू दे. रात्री ते किती वेळा लघवीला उठतात हे कुणाला ठाऊक असतं? दवाखान्याची फाइल कुठल्या पेटीत, कुठल्या लुगड्याखाली आहे हे कुणाला विचारतात? आपल्यालाच. म्हणून बोलतोय.

आणखी एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत चूक आमच्या गटाची आहे.

आमच्या गटातली एक ताई आहे. नाव सांगायचं नाही असं ठरलंय, पण गोष्ट सांगायला तिनं आणि तिच्या मालकांनी होकार दिलाय. मालकांचं वय ६७, ऊस आणि थोडा शाळू, दोन म्हशी. रात्री चार-चारदा उठायला लागले. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्यानं पुण्याला नेलं. इथं एक सांगायला हवं, की रात्री उठावं लागणं हे बहुतेक वेळा वय झालं की प्रोस्टेट वाढते म्हणून असतं, कॅन्सरमुळं नसतं. पण त्या निमित्तानं रक्त तपासलं, पीएसए ९ च्या वर निघालं, एमआरआयमध्ये एका बाजूला डाग दिसला आणि तुकडा तपासल्यावर कॅन्सर निघाला.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वीर्यातलं काही पाणी ती तयार करते. मालकांचा कॅन्सर ग्रंथीच्या एकाच बाजूला होता, बाहेर पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. एक, ऑपरेशन करून पूर्ण ग्रंथी काढायची. दोन, रेडिएशन, म्हणजे आपल्याकडं ज्याला 'लाइट देणं' म्हणतात ते. तिसरी वाट फोकल उपचाराची. त्यात रोगाची जागा आणि तिच्या कडेचा थोडा भाग एवढंच मारायचं, बाकी ग्रंथी राहू द्यायची. लहानपणी आपण भिंगानं ऊन एका ठिकाणी आणून कागद जाळायचो, तसंच इथं आवाजाच्या लहरी एका ठिकाणी आणून गाठ जाळतात. त्याला हायफू म्हणतात. काही ठिकाणी सुया घालून गाठ गोठवतात, काही ठिकाणी विजेचे झटके देऊन पेशी मारतात. आपल्या देशात हे मोठ्या शहरांतल्या मोजक्याच रुग्णालयांत होतं.

फायदा काय, तर लघवी गळण्याचा त्रास कमी, आणि नवरा-बायकोच्या संबंधात येणारी अडचणही पूर्ण ग्रंथी काढण्यापेक्षा कमी. हे सांगताना आमच्यातली एक लाजली, पण सांगायला हवं, कारण पुरुष घाबरून उपचार टाळतात ते याच दोन गोष्टींसाठी. मालकांनी हायफू करून घेतलं. दुसऱ्या दिवशी चालत घरी आले, काही दिवस लघवीची नळी होती, ती निघाली. गावात बातमी झाली की ऑपरेशन न करता कॅन्सर गेला.

आमचा सगळ्यांचा समज तिथंच चुकला. गाठ गेली होती, पण ग्रंथी अजून तिथंच होती.

हरळी सगळ्यांना माहीत आहे. वाफ्यातली हरळी खणून काढली, माती परतली, वाफा स्वच्छ दिसला, तरी आपण महिन्यानं पुन्हा जाऊन बघतोच. कारण ती खणलेल्या जागेच्या कडेनं फुटते, नाहीतर दुसऱ्याच वाफ्यात डोकं वर काढते. फोकल उपचारानंतर डॉक्टर नेमकं हेच बघतात. जाळलेल्या जागेत किंवा तिच्या कडेला काही उरलंय का? आणि न जाळलेल्या भागात नवीन काही उगवलंय का? इंग्लंडमध्ये हायफू केलेल्या ६२५ पुरुषांचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. पाच वर्षांनंतर १०० पैकी साधारण ८८ जणांचा रोग पसरला नव्हता आणि त्यांना मोठं ऑपरेशन, रेडिएशन असे उपचार लागले नव्हते. आकडा चांगला आहे. पण उरलेल्या १२ मध्ये आपला माणूस आहे की नाही, हे त्याच्या तब्येतीकडं बघून कळत नाही. इतक्या लहान गाठीला ना दुखणं असतं, ना ताप. युरोपातल्या मूत्रविकार तज्ज्ञांची संघटना तर सांगते की हा उपचार नीट नोंदी ठेवून, पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातच करावा.

मालकांना घरी सोडताना कागद दिला होता. दर तीन महिन्यांनी पीएसए, आणि एक वर्षानं एमआरआय आणि बायोप्सी. हायफू जानेवारीत झालं होतं, म्हणजे वर्ष भरलं ते पुढच्या जानेवारीत. जानेवारीत आपल्याकडं काय चालू असतं ते सांगायला नको. कारखाना चालू, टोळी दारात, शाळूला राखण. मालक म्हणाले, "मला काय धाड भरलीय? ऊस गेल्यावर बघू." ताई म्हणाली, "अहो, कागदावर तारीख हाय." शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. तालुक्याला जाऊन पोटाची सोनोग्राफी केली आणि पीएसए केलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही. पीएसए ३.३ आलं. रिपोर्टवर शेजारीच छापलेलं असतं, शून्य ते चार नॉर्मल. झालं, घरात साखर वाटली.

या दोन्ही तपासण्यांबद्दल जरा थांबून सांगतो.

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन. ते निरोगी पेशीही तयार करतात आणि कॅन्सरच्या पेशीही. पूर्ण ग्रंथी काढलेल्या माणसात हा आकडा जवळजवळ शून्य व्हायला हवा, मग तो वाढला की लगेच कळतं. फोकल उपचारात मात्र निरोगी ग्रंथी मागं राहते आणि ती पीएसए तयार करतच असते, म्हणून 'एवढा आकडा म्हणजे बरा' अशी एक रेघ ओढता येत नाही. 'शून्य ते चार' हे छापलेलं माप उपचार झालेल्या माणसासाठी नाहीच. बघायचं ते आकड्यांची चाल. मालकांचं पीएसए उपचारानंतर सहा महिन्यांनी २.१ पर्यंत उतरलं होतं आणि वर्षानं ३.३ झालं. चारच्या आत, पण वर चढणारं. हे दोन कागद कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितलेच नाहीत. लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी पीएसए वाढतं, आदल्या दोन दिवसांत संबंध आला असेल तरी थोडं वाढू शकतं, म्हणून एका आकड्यानं घाबरायचंही नसतं. एकाच प्रयोगशाळेत करावं आणि सगळे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून ठेवावेत. दुधाची वही आपण ठेवतोच ना, तशीच ही.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार कळतो, मूत्राशयात लघवी किती उरते ते कळतं. पण ग्रंथीतला लहान कॅन्सर तिच्यात भरवशानं दिसत नाही. सोनोग्राफी स्वस्त आहे, जवळ आहे, पण ती एमआरआयच्या जागी चालत नाही. हे एक वाक्य आज लक्षात राहिलं तरी आमचं बोलणं वाया गेलं नाही असं समजू.

आता आमची चूक. फेब्रुवारीत ताई गटाच्या बैठकीत आली. विमा कंपनीनं हायफूचे पैसे दिले होते, पण घरी सोडल्यानंतरच्या ठरावीक दिवसांपर्यंतचाच खर्च त्यात बसत होता. वर्षानंतरचा एमआरआय आणि बायोप्सी घरच्याच खिशातून होणार होते, आणि उसाचं बिल यायचं होतं. तिनं अंतर्गत कर्ज मागितलं. आमच्या नियमात आजारपणासाठी कर्ज होतं. आम्ही काय म्हणालो? "माणूस धडधाकट हिंडतोय, रिपोर्ट नॉर्मल आलाय, तपासणीला कसलं कर्ज? कुणी आजारी पडलं तर देऊ." ठराव वहीत लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. त्या वहीतलं ते पान आजही आहे. ताई काही बोलली नाही, उठून गेली.

सप्टेंबरात पीएसए ४.९ आलं. मुलगा रजा काढून आला आणि पुण्याला घेऊन गेला.

तिथं पहिला प्रश्न विचारला, "उपचाराच्या आधीच्या एमआरआयची सीडी आणली का?" सीडी नव्हती. खूप शोधल्यावर नातवानं सांगितलं की ती शाळूच्या रानात पाखरं हाकायला दोरीनं टांगली होती. आपण सगळेच टांगतो, चकाकते म्हणून. सांगताना आम्हाला आता हसू येतं, पण त्या दिवशी ताईला रडू आलं होतं. जुने फोटो शेजारी असल्याशिवाय नवीन फोटो नीट वाचता येत नाही. कुठली जागा जाळली, आधी डाग कुठं होता, हे त्यावरूनच कळतं. सुदैवानं रुग्णालयाच्या संगणकात प्रत निघाली, पण अर्धा दिवस गेला.

एमआरआयबद्दल बायकांना फार भीती असते म्हणून सांगतो. ते मोठं लोहचुंबक आहे, त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात. माणसाला बोगद्यासारख्या यंत्रात अर्धा-पाऊण तास न हलता झोपावं लागतं. ठाकठूक असा मोठा आवाज येतो, कानात बोळे देतात. अंगावर धातू चालत नाही. मालकांच्या करदोट्याला चांदीचा ताईत होता, तो काढायला त्यांनी वाद घातला. खिशातली चुन्याची डबी दारातच ठेवली. ज्यांना हृदयाला पेसमेकर बसवलाय, अंगात कुठं सळई-पट्टी आहे, किंवा वेल्डिंगचं काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता, त्यांनी ते आधीच सांगायलाच हवं.

फोटो तीन प्रकारचे काढतात. एकात ग्रंथीची ठेवण दिसते, दुसऱ्यात पेशींमध्ये पाणी कसं हलतं ते कळतं, आणि तिसऱ्यात शिरेतून औषध सोडून ते ग्रंथीत कुठं, किती लवकर पोचतं ते बघतात. त्या औषधाला डाय म्हणतात. अडचण अशी की जाळलेली जागा आक्रसते, तिथं वण तयार होतो, आणि ठेवणीच्या फोटोत वणही काळा दिसतो आणि कॅन्सरही काळा दिसतो. म्हणून फोकल उपचारानंतर डायच्या फोटोंना सगळ्यात जास्त महत्त्व असतं. मेलेल्या वणात रक्त फारसं जात नाही, त्यामुळं डाय लवकर पोचत नाही. जिवंत गाठ मात्र डाय झटकन ओढून घेते आणि फोटोत उजळते. पहिल्यांदा निदान करताना काही ठिकाणी डाय न देताही एमआरआय करतात. पण फोकल उपचार झाल्यावर कुणी "साधा करा, स्वस्तात होईल" म्हणालं, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. डाय देण्याआधी मूत्रपिंडं नीट आहेत का ते बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी ते आठवणीनं करावं.

आणखी एक. एमआरआयच्या चिठ्ठीवर 'फोकल उपचार अमुक तारखेला, अमुक बाजूला झाला' असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. रिपोर्टात एक ते पाच असे जे गुण देतात, ती पद्धत उपचार न झालेल्या ग्रंथीसाठी आहे. उपचार झालेल्या ग्रंथीसाठी एक ते तीन गुणांची वेगळी पद्धत तज्ज्ञांनी सुचवली आहे. फोटो वाचणाऱ्याला उपचार झालाय हेच माहीत नसेल, तर साध्या वणाला तो कॅन्सर समजेल किंवा कॅन्सरला वण.

एमआरआय फार लवकरही उपयोगाचा नाही. सुरुवातीला तिथं सूज असते, रक्त साकळलेलं असतं. काही डॉक्टर पहिल्या दोन आठवड्यांत एकदा काढतात, पण तो किती भाग मेला एवढं बघायला. रोग उरलाय का हे बघायचा एमआरआय साधारण सहा ते बारा महिन्यांनी करतात आणि पुढं वर्षाला एक, काही वर्षं. रुग्णालयागणिक थोडा फरक पडतो, म्हणून आपल्या कागदावर लिहिलंय तेच वेळापत्रक धरावं.

मग बायोप्सी कशाला, असं मालकांनीही विचारलं. कारण बारीक रोग एमआरआयमध्येही सुटतो. म्हणून वर्षाच्या सुमारास, फोटो स्वच्छ दिसला तरी, जाळलेल्या जागेतून आणि बाकीच्या ग्रंथीतून सुईनं तुकडे घेतात. त्यानंतर काही दिवस लघवीत थोडं रक्त दिसतं, वीर्यात तर काही आठवडे लालसर रंग राहतो, त्यानं घाबरायचं नाही. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडकली तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच दवाखाना गाठायचा.

मालकांच्या फोटोत जाळलेल्या जागेच्या कडेला एक ठिपका उजळला. हरळीसारखाच, कडेनं. तुकडा तपासला, कॅन्सर. दुसरी बाजू स्वच्छ. मग पेट स्कॅन केला. त्यात प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं औषध देऊन रोग हाडांत किंवा गाठींत गेलाय का ते बघतात. हा सगळ्यांना लागत नाही, संशय आला तरच करतात. तो स्वच्छ आला. त्या रात्री ताईनं आमच्यातल्या एकीला फोन केला आणि बराच वेळ दोघी नुसत्या फोन धरून होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं की आता पुन्हा तेवढीच जागा जाळून भागेल असं वाटत नाही, रेडिएशन घ्यावं. जानेवारीत आले असते तर? ताईनं विचारलंच. डॉक्टर म्हणाले, कदाचित लहान असता, कदाचित पुन्हा हायफू झालं असतं, नक्की कुणी सांगू शकत नाही. आम्हालाही ते नक्की कधीच कळणार नाही. मालकांनी रेडिएशन पूर्ण केलं. लघवीला आग, थकवा असा त्रास झाला, पण आता रानात जातात. पुन्हा रोग सापडला म्हणजे संपलं असं नसतं, हेही सांगतो. परत फोकल उपचार, रेडिएशन, ऑपरेशन, आणि रोग अगदी सौम्य जातीचा असेल तर नुसतं लक्ष ठेवणं, अशा वाटा असतात. वेळेत कळलं तर जास्त वाटा शिल्लक राहतात.

प्रवासाचं थोडं. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच, ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही अर्धं आणि ७५ च्या पुढं मोफत. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तपासणीच्या प्रवासासाठी सवलत मिळते, त्याला डॉक्टरांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. महात्मा फुले योजनेत आपल्या माणसाचं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. उपचार बसतो आणि तपासणी बसत नाही असंही होतं, म्हणून दोन्हीचं वेगवेगळं विचारा.

आमच्या गटानं नियम बदलला. आता आजारपणाच्या कर्जात 'उपचारानंतरची ठरलेली तपासणी' हे शब्द आहेत, आणि त्यासाठी माणूस आजारी दिसायची अट नाही. डॉक्टरांचा तारखेचा कागद दाखवला की पुरे. जुना ठराव खोडायचा का यावर बराच वाद झाला. एक म्हणाली पान फाडा, लाज वाटते. ताईच म्हणाली, राहू दे. त्याच पानाच्या पाठीमागं नवीन ठराव लिहिला.

सीडी आता तिच्या घरात डब्यात आहे, रेशनकार्डाच्या शेजारी. त्यावर तारीख लिहिलेली आहे. दुधाच्या खाड्यांच्या कॅलेंडरवर पुढच्या पीएसएची तारीख लाल पेनानं लिहिलीय, आणि ती नातवानं लिहिलीय. मालक जाता-येता बघतात आणि म्हणतात, "आली वाटतं जवळ." ताई म्हणते, "आली. टोळी असो नाहीतर नसो, जायचं."

पुढच्या वेळी स्तनातली गाठ घरच्या घरी कशी लक्षात येते यावर बोलू. तुमच्या घरात कुणाचा असा उपचार झाला असेल, तर उद्या सकाळी फाइल काढून पुढची तारीख कोणती आहे तेवढं बघून ठेवा. भाकरी करपली नसेल अशी आशा आहे. नमस्कार.